जुगाऱ्याची जबानी कोण घेणार?

जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेतल्या एका मोबाइलच्या पडद्यावरून महाराष्ट्रात रमीचा वाद पेटला. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात रमी खेळत होते की नव्हते (ते नाही म्हणाले) यावर कितीतरी दिवस गेले. महिनाभरात केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारं विधेयक मांडलं. २० ऑगस्टला ते लोकसभेत आणि २१ला राज्यसभेत मंजूर झालं, २२ला राष्ट्रपतींची सही झाली. त्यानंतर सरळ दोन फळ्या पडल्या. एक फळी सरकारचा अंदाज पुढे करते: सुमारे ४५ कोटी लोक वर्षाला २०,००० कोटी रुपये गमावतात. दुसरी फळी बुडालेला कर मोजते, गेलेल्या नोकऱ्या मोजते आणि रमीत कौशल्य आहे असं सुप्रीम कोर्टाने साठच्या दशकातच मान्य केलंय याची आठवण देते. दोन्हीकडे वकील आहेत, अर्थतज्ज्ञ आहेत, आकडे आहेत. रात्री दीड वाजता पांघरुणात फोन धरून ‘शेवटचा डाव’ म्हणत पाचव्यांदा पैसे भरणारा माणूस मात्र साक्षीदारांच्या यादीत कुठेच नाही.

बंदीच्या बाजूने असा की विरोधात, जुगारात अडकलेल्यांची सविस्तर जबानी घेतल्याशिवाय आखलेलं कुठलंही धोरण आंधळं राहणार, असं माझं ठाम मत आहे. जबानी हा शब्द मी पोलिसांच्या अर्थाने वापरत नाही. समाजशास्त्रात ज्याला गुणात्मक संशोधन म्हणतात, म्हणजे थोड्या माणसांशी दीर्घ, शिस्तबद्ध बोलणं आणि त्या बोलण्याचं तितकंच शिस्तबद्ध विश्लेषण, ते मला म्हणायचं आहे. किती गेले हे आकडे सांगतात. माणूस कसा अडकला, कुठल्या वळणावर सुटू शकला असता आणि कुठे कुणीच हात दिला नाही, हे त्याच्याच तोंडून कळतं. आणि कायद्याला, समुपदेशकाला, बँकेला हात घालता येतो तो या ‘कसा’लाच.

त्या मोठ्या आकड्याचंच बघा. २०,००० कोटींना ४५ कोटींनी भागलं तर माणशी वर्षाला साधारण ४४४ रुपये येतात. एवढ्यासाठी कुणी संसदेत विधेयक आणत नाही. विधेयक आलं ते शेत विकणाऱ्यांसाठी, बायकोचं मंगळसूत्र गहाण ठेवणाऱ्यांसाठी, कर्जवसुलीचे फोन सहन न होऊन जीव देणाऱ्यांसाठी. पण सरासरीत ते दिसत नाहीत. शंभर रुपये लावून विसरून जाणाऱ्या लाखोंच्या गर्दीत ते मिसळून जातात. मग ज्यांच्यासाठी कायदा केला त्यांच्याबद्दल आपल्याला नेमकं काय ठाऊक आहे?

आपल्या परंपरेत या प्रश्नाकडे बघण्याच्या दोन रीती फार जुन्या आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला द्यूताध्यक्ष (जुगारावरचा सरकारी अधिकारी) जुगार एकाच ठिकाणी चालवायला लावतो, बाहेर खेळणाऱ्याला १२ पण (तेव्हाची नाणी) दंड करतो आणि जिंकलेल्या रकमेवर शेकडा ५ घेतो. ही राज्याची नजर झाली: परवाना, दंड, महसूल. १ ऑक्टोबर २०२३पासून पैशांच्या ऑनलाइन खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर लागलेला २८ टक्के जीएसटी याच वंशातला. दुसरी रीत ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या चौतिसाव्या सूक्तात आहे. तिथे जुगारी स्वतः बोलतो. सासू द्वेष करते, बायको दूर लोटते, आईबाप आणि भाऊ म्हणतात, ‘आम्ही याला ओळखत नाही, बांधून न्या.’ विकायला काढलेल्या म्हाताऱ्या घोड्यासारखा तो कुणाच्याच कामाचा उरत नाही. आता खेळायचं नाही असं तो ठरवतो, मित्रांमागे राहून जातो, पण फासे पडल्याचा आवाज कानावर आला की पाय तिकडेच वळतात. कर्जात बुडून, भीत भीत, रात्री दुसऱ्याच्या घराकडे पैशासाठी जातो. आजच्या मनोविकारतज्ज्ञांच्या यादीतली अर्धी लक्षणं या एका सूक्तात सापडतात: थांबण्याचा फसलेला प्रयत्न, तुटलेली नाती, दुसऱ्याच्या पैशावरची भिस्त. गेल्या वर्षभराच्या वादात आपण कौटिल्याची रीत पुरेपूर वापरली. सूक्ताची रीत कुणालाच आठवली नाही.

ही रीत भावनिक आणि ढिसाळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी जुगाराच्या विकाराची व्याख्या कुठून आली ते तपासावं. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या नियमावलीत आज नऊ निकष आहेत. वर्षभरात त्यांतले चार जुळले की निदान होतं. त्यांतला सर्वांत ओळखीचा निकष म्हणजे हरलेले पैसे परत मिळवायला पुन्हा खेळायला येणं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ हेन्री लेसिअर यांनी सत्तरच्या दशकात जुगाऱ्यांशी प्रदीर्घ बोलून हे ‘पाठलागाचं’ चक्र १९७७ मध्ये मांडलं. माणसाला हावेपेक्षा हरलेली रक्कम ओढते, आणि ती भरून काढायला तो आणखी मोठी रक्कम लावतो, हे त्या बोलण्यातून पुढे आलं. प्रश्नावलीतला चौकोन नंतर आला, आधी कुणीतरी बसून ऐकलं होतं.

लास व्हेगासच्या स्लॉट यंत्रांवर, म्हणजे बटण दाबून चित्रांची चक्रं फिरवायच्या जुगारयंत्रांवर, खेळणाऱ्यांमध्ये मानवशास्त्रज्ञ नताशा श्युल यांनी वर्षानुवर्षं काम केलं. तिथले अट्टल खेळाडू त्यांना सांगत होते की जिंकण्यासाठी आम्ही खेळतच नाही, खेळत राहता यावं म्हणून खेळतो. यंत्रासमोर बसलं की घर, कर्ज, स्वतःचं शरीर, सगळं पुसलं जातं. त्या अवस्थेतून बाहेर पडावं लागू नये एवढीच धडपड असते. हे एकदा कळलं की ‘जिंकण्याची शक्यता किती कमी आहे ते लोकांना समजावून सांगा’ या उपायातली हवा निघून जाते. ज्याला जिंकायचंच नाही त्याला शक्यतेचं गणित काय करायचं? तिथे कामाचा असतो तो वेग आणि खंड. ब्रिटनने ३१ ऑक्टोबर २०२१पासून ऑनलाइन स्लॉटमध्ये दोन फिरक्यांमध्ये किमान अडीच सेकंदांचं अंतर सक्तीचं केलं, आपोआप फिरणारा खेळ बंद केला, लावलेल्या रकमेपेक्षा कमी परत आलं तरी जिंकल्याचा गाजावाजा करणाऱ्या आवाजांवर बंदी घातली. काढायला टाकलेले पैसे खात्यात पोचण्याआधीच पुन्हा खेळात ओढून घेण्याची सोयही काढून टाकली. हा शेवटचा नियम मला फार बोलका वाटतो. पैसे काढायचं बटण दाबणं आणि ते हातात पडणं यांमधल्या तासांत माणसाचं काय होतं, हे ठाऊक असल्याशिवाय असा नियम कुणाला सुचणार?

आता आक्षेप. ते हलके नाहीत आणि हलके करून मांडण्यात काही मिळवायचंही नाही.

पहिला: जुगारी खोटं बोलतो. हे खरंच आहे. किती खेळतो ते लपवण्यासाठी खोटं बोलणं हा त्या नऊ निकषांपैकीच एक आहे. पण सर्वेक्षणवाला कुणाच्या तोंडावर विसंबतो? त्याच तोंडावर, आणि तेही हो-नाहीच्या एका खुणेपुरतं. खोटं बोलायला त्याहून सोपी जागा नाही. उलट दीड तासाच्या बैठकीत बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवलं की खोट्याचाच अभ्यास होतो. असं एक पान डोळ्यांसमोर आणा: रात्री ११.४२ला ५०० रुपये, ११.४९ला ५००, ११.५८ला १,०००, १२.०३ला २,०००, मग सकाळी ७.१५ला एका कर्जाच्या अ‍ॅपकडून १०,००० जमा आणि ७.२१ला त्यातले ५,००० पुन्हा बाहेर. आता विचारा, १२.०३ आणि ७.१५ यांच्या मध्ये काय झालं? झोप लागली का? बायको जागी होती का? तिला काय सांगितलं? कर्जाचं अ‍ॅप तेव्हाच उतरवून घेतलं की आधीपासून फोनमध्ये होतं? कुठल्या दिवसापासून, कुणाशी आणि कशासाठी खोटं बोलायला लागलं, हीच तर माहिती हवी आहे.

दुसरा आक्षेप भाषांतरित प्रश्नावलीवाल्यांचा: आमच्याकडे तपासलेली मोजपट्टी आहे, गप्पा कशाला? जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक मोजपट्टी आहे, ० ते २७ गुणांची. ८ किंवा जास्त गुण आले की समस्या गंभीर. ती चांगलीच आहे. पण मराठीत आणताना पहिल्याच ओळीत पाय घसरतो. ‘गेल्या बारा महिन्यांत जुगारात…’ असं विचारलं की रमीवाला म्हणतो, ‘मी जुगार खेळत नाही, गेम खेळतो.’ क्रिकेटवाला म्हणतो, ‘मी टीम लावतो.’ शेअर बाजारात रोजच्या रोज ऑप्शन घेणारा स्वतःला ट्रेडर म्हणवतो. तिघांनाही शून्य गुण, अहवालात तिघेही निरोगी. मटका खेळणारा जुने चार्ट घेऊन तासन्‌तास ‘अभ्यास’ करतो. तीन आकड्यांचा पाना, त्याच्या बेरजेचा शेवटचा अंक म्हणजे ओपन, तसाच क्लोज, दोन्ही मिळून जोडी. सिंगलला (एकट्या ओपन किंवा क्लोजला) एकाला नऊ आणि जोडीला एकाला नव्वद हा सर्रास दर. दहात एक शक्यता असताना नऊ आणि शंभरात एक असताना नव्वद, म्हणजे शंभरातले दहा रुपये दोन्हीकडे आधीच गेलेले. तरी हरला की त्याच्या लेखी नशीब फिरत नाही, अभ्यास कमी पडतो. कौशल्य की नशीब यावर कोर्टात सात दशकं खल चालला, आणि टपरीवरच्या माणसाने तो भेद कधीच पुसून टाकला होता. हे मोजपट्टीत दिसेल कसं? मोजपट्टी हवीच, पण तिच्यातले शब्द आधी लोकांच्या बोलण्यातून यायला हवेत. ‘पैसे गेले’ म्हणणारा आणि ‘पैसे अडकलेत’ म्हणणारा ही दोन वेगळी माणसं आहेत. दुसऱ्याच्या मनात ते पैसे अजून त्याचेच आहेत, फक्त सोडवून आणायचे राहिलेत.

तिसरा आक्षेप: चाळीस माणसांवरून तेरा कोटींच्या महाराष्ट्राबद्दल काय बोलणार? प्रमाण सांगता येणार नाही, हे बिनशर्त मान्य. असं संशोधन करून कुणी ‘७० टक्के जुगारी अमुक करतात’ म्हणालं तर त्याला थांबवलं पाहिजे. पण प्रमाण मोजण्याआधी काय मोजायचं ते ठरवावं लागतं. ते न ठरवता फॉर्म छापले की काय होतं, हे विदर्भाने भोगलं आहे. शेतकरी आत्महत्येच्या मदतीसाठी तेव्हा जमीन नावावर लागे, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं लागे, वसुलीचा तगादा लागे. जमीन सासऱ्याच्या नावावर असलेली सून, बटाईने कसणारा, नातेवाइकाकडून उसने घेतलेला, सगळे ‘अपात्र’. मुंबई उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ मध्ये अहवाल दिला, अभ्यासक घरोघरी जाऊन बसले, तेव्हा कुठे एकाच रकान्यात न मावणाऱ्या कारणांची गुंतवळ कागदावर आली. जुगाराच्या बाबतीत आपण रकाने आखायच्या टप्प्यावर उभे आहोत. मायक्रोफायनान्सचं कर्ज बायकोच्या नावावर आणि खेळ नवऱ्याचा असेल, तर ते घर कुठल्या रकान्यात बसेल?

चौथा आक्षेप मला सर्वांत कठीण वाटतो. हरलेल्यांच्या कहाण्या गोळा केल्या की सगळा दोष त्या माणसाच्या स्वभावावर जातो, आणि धंदेवाल्यांना तेच हवं असतं. ‘जबाबदारीने खेळा’ या दोन शब्दांच्या सल्ल्यामागचा डाव हाच. असा वापर झालेला आहे, पुढेही होईल. त्यावर उपाय मौन हा नाही. संशोधनाला कंपनीचा एक पैसाही लागता कामा नये, ही पहिली अट. दुसरी अट प्रश्नांची: ‘तुम्ही का खेळता?’ हा प्रश्नच विचारू नये. ‘का’ विचारलं की माणूस समर्थन तरी करतो किंवा स्वतःला शिव्या देतो. ‘त्या रात्री काय झालं, पडद्यावर काय आलं, बोनसचा मेसेज किती वाजता आला, पैसे भरायला किती वेळा बोट टेकवावं लागलं?’ असं विचारलं की माणसासोबत यंत्राचाही पंचनामा होतो.

आणि शेवटचा आक्षेप: माणसं आज मरताहेत, अभ्यास कसले करताय? यातली तळमळ खरी आहे. तातडीचे उपाय अभ्यासासाठी थांबू नयेत, बंदीही थांबायची गरज नव्हती. पण बंदीनंतर माणसं जातात कुठे? १८९७च्या पुण्यातल्या प्लेगचा धडा आपल्याला ठाऊक आहे. रोगी वेगळे काढणं वैद्यकीयदृष्ट्या बिनबुडाचं नव्हतं. पण ज्यांच्या घरात शिरायचं त्यांच्याशी न बोलता ते लादलं गेलं, आणि लोकांनी रोगी माळ्यावर, शेजारी, गावाकडे लपवले. लपवलेला रोगी मोजता येत नाही आणि बराही करता येत नाही. २०२५च्या कायद्याने खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड ठेवला आहे. हे योग्यच झालं. पण रस्त्यावरच्या मटक्याला आजही १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा लागतो, आणि त्यात खेळणाराही आरोपी होतो. म्हणजे फोनवर हरणारा पीडित आणि टपरीवर हरणारा गुन्हेगार. मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केल्यावर तोच माणूस परदेशी साइटवर गेला, टेलिग्रामवरच्या बुकीकडे गेला, मटक्याकडे परतला की खरोखर सुटला, हे कुठल्याही सर्व्हरच्या नोंदीत नाही. ते विचारूनच कळणार.

विचारायचं कसं, यावर थोडं तपशिलात बोललं पाहिजे, कारण हे काम बिघडतं ते तपशिलातच. समजा, चार जिल्हे घेतले: एक औद्योगिक पट्टा, एक कांदा-द्राक्षाचा, एक कोरडवाहू, एक गोव्याच्या सीमेलगतचा. गोव्यात मांडवी नदीतल्या कसिनो-जहाजांवर सगळी चर्चा होते, पण संगथ या संस्थेच्या अभ्यासकांनी तिथल्या पुरुषांना विचारलं तेव्हा लॉटरी आणि मटका पुढे आले. सीमेलगतच्या गावांतही जहाजांपेक्षा टपऱ्यांकडे बघायला हवं. माणसं चाळीस. व्यसनमुक्ती केंद्रातून त्यांतली एक तृतीयांशच घ्यावीत. केंद्रात पोचतात ते मुळात थोडे, आणि तिथे त्यांची कहाणी घोटून गुळगुळीत झालेली असते: चूक, पश्चात्ताप, सुटका, त्याच क्रमाने. बाकीची माणसं ओळखीतून ओळखीत जात शोधावी लागतात, अजून खेळणारी आणि स्वतःच थांबलेली, दोन्ही. स्वतःच थांबलेल्यांना तर कुणीच विचारत नाही, आणि नेमकं कशाने थांबता येतं ते त्यांनाच माहीत असतं. शिवाय पंधराएक घरची माणसं, वेगळ्या जागी आणि वेगळ्या वेळी. नवऱ्यासमोर बायकोची मुलाखत घेतली तर दोन्ही मुलाखती वाया गेल्या असं समजावं.

प्रत्येकाशी दोन बैठका, मध्ये आठवडा. पहिल्या बैठकीत कोऱ्या कागदावर आयुष्याची रेघ ओढायची आणि तिच्यावर नोकरी, लग्न, पहिला मोठा डाव, पहिलं कर्ज लावत जायचं. दुसऱ्या बैठकीत स्टेटमेंट. सहा महिन्यांनी तिसरी भेट, कारण जुगारी एका ठिकाणी थांबलेला नसतो. ग्लासगोत संशोधक गेर्डा रीथ आणि फियोना डॉबी त्याच माणसांना काही वर्षं पुन्हा पुन्हा भेटत राहिल्या, तेव्हा दिसलं की लोक समस्येत शिरतात, बाहेर येतात, पुन्हा शिरतात. नोकरी, नातं, जागा बदलली की खेळ बदलतो. एकदाच भेटणाऱ्याला यातलं एकच चित्र दिसलं असतं.

मुलाखत घेणारा आणि समुपदेशक एकच माणूस नको, नाहीतर समोरचा बरं होऊन दाखवतो. पण आत्महत्येचा विचार बोलण्यात आला तर रेकॉर्डर बंद करून काय करायचं हे आधी लिहून ठेवलेलं हवं: कुणाला फोन करायचा, जिल्हा रुग्णालयातलं कोण त्या दिवशी उपलब्ध आहे, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तर तोंडपाठ हवा. मानधनाचा प्रश्न अवघड आहे. रोख दिली तर ती त्याच रात्री डावावर जाऊ शकते. न दिली तर फुकटात दुःख उपसलं असं होतं. पैसे द्यावेतच, कुठल्या रूपात ते त्यालाच विचारावं, असं माझं मत आहे. नावं कुठेच नकोत, कारण मुलाखत घेणाऱ्याला डॉक्टर-वकिलासारखं संरक्षण गृहीत धरता येत नाही. आणि नाव काढलं तरी ‘तीन हजार वस्तीच्या गावातला दूधसंघाचा सचिव’ असं लिहिलं की गाव ओळखतंच.

मग कागदकाम. चाळीस माणसं, दोन बैठका, दीड-दीड तास म्हणजे १२० तासांचं ध्वनिमुद्रण. एक तास शब्दशः उतरवायला साधारण सहा तास लागतात, म्हणजे ७२० तास. रोज सहा तास बसणाऱ्या एका माणसाचे १२० दिवस. इथेच पैसे वाचवायला लोक थेट इंग्रजीत गोषवारा लिहून टाकतात, आणि इथेच सगळं हातचं जातं. ‘अडकलेत’चं ‘लॉस्ट’ झालं की लेसिअर यांनी शोधलेलं ते चक्र मजकुरातूनच गायब. उतारा मराठीत, अहिराणीत, मालवणीत, जसा बोलला तसा. कोडिंग, म्हणजे उताऱ्यातल्या वाक्यांना अर्थाप्रमाणे खुणा लावणं, त्याच भाषेत, दोघांनी स्वतंत्रपणे, आणि जिथे मतभेद होतील तिथे चर्चेची नोंद ठेवून. दहा-बारा मुलाखतींनंतर ओळखीच्या गोष्टी पुन्हा यायला लागतात. तिथे समाधान मानायचा मोह होतो. तेव्हाच मुद्दाम न जुळणारा माणूस शोधायचा: मोठ्या रकमा हरूनही न अडकलेला, किंवा कधीच मोठं न हरता उद्ध्वस्त झालेला. वाचकाला हळहळ वाटेल अशी चार वाक्यं वेचून अहवाल सजवणं हे या कामातलं सर्वांत मोठं पाप आहे.

हे सगळं आत्ताच का, यालाही साधं कारण आहे. ऑगस्ट २०२५ पर्यंत जे खेळत होते त्यांच्या फोनवरून अ‍ॅप गेलंय, पण बँकेच्या नोंदी अजून काढता येतात, आणि कुठल्या रात्री कुठल्या मेसेजनंतर पैसे भरले हे माणसाला अजून आठवतं. फोन बदलतात, सिमकार्डं बदलतात, खाती बंद होतात. घरात एकदा ‘झालं गेलं विसरून जा’ असं ठरलं की आठवणीही त्या ठरावाप्रमाणे वागायला लागतात. दोन वर्षांनी याच माणसाला विचारलं तर ११.४२ ते ७.१५ची ती रात्र ‘तेव्हा जरा नाद होता’ एवढ्या एका वाक्यात संपेल.